उत्तरा ते चित्रा : मराठवाड्यातून कळसूबाईची सहल कशी आखावी

पायथ्याच्या बारी गावाच्या अंगाने कळसूबाईवरून वाहून येणारा पाऊस कृष्णावंती नदीतून प्रवरेला मिळतो. निळवंडे धरण ओलांडून तो कायगाव टोक्याजवळ गोदावरीत शिरतो आणि शेवटी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात येऊन थांबतो. म्हणून मराठवाड्यातल्या माणसाला या शिखराचे हवामान जोखायला एक घरगुती खूण आहे. भंडारदरा-निळवंड्यातून विसर्ग वाढवला, जायकवाडीत आवक वाढली, अशी बातमी ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात शिखराकडे निघू नये. आपल्याकडे लख्ख ऊन पडलेले असते, सोयाबीन काढणीला आलेले असते, आणि तिकडे कातळ शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो. आपल्या आभाळावरून तिकडचा बेत ठरवणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

आधी नक्षत्र, मग तारीख

परतीचा मान्सून राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला निघतो आणि मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरला. कळसूबाईचा हंगाम याच दरम्यान पालटतो. शेतकऱ्याच्या हिशेबाने त्याचे तीन तुकडे पडतात.

उत्तरा (13 सप्टेंबरच्या आसपास) : डोंगर हिरवागार, उतारांवर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा. पण धुके दाट, माथ्यावरून पन्नास पावलांपलीकडचे दिसेलच याची खात्री नाही. फुलांसाठी जायचे असेल तर हाच काळ, पण दूरवरचे दृश्य पाहायची आशा मात्र धरू नये.

हस्त (27 सप्टेंबरच्या आसपास) : हत्तीचा पाऊस. सकाळ स्वच्छ, उन्हाने जमीन तापते, हवेतला ओलावा वर चढतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढगांचे मनोरे उभे राहून गडगडाट सुरू होतो. सकाळच्या निळ्या आभाळाला भुलू नका.

चित्रा (10 ऑक्टोबरच्या आसपास) : पावसाने हवेतली धूळ बसवलेली, धुके कमी. अलंग, मदन, कुलंग, रतनगड हे किल्ले, भंडारदऱ्याचा जलाशय हे सारे स्पष्ट दिसते. पहिल्यांदा जाणाऱ्याने चित्राच धरावे. शेती असणाऱ्यांनाही तेच सोयीचे, तोवर सोयाबीन घरात आलेले असते. उणे एकच, ऑक्टोबर हीट. वरची धार उघडी आहे, दहानंतर सावली नाही.

अंदाज कुणाचा पाहायचा

बारी गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. पण जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत असल्याने जिल्ह्याचा सरसकट अंदाज इथे फसवतो. हवामान खात्याच्या अंदाजात नाशिकच्या घाटमाथ्यासाठी काय म्हटले आहे ते पाहा, शिखर त्याच रांगेत आहे. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. पिवळा असेल आणि त्यात विजांचा उल्लेख असेल तर दुपारी बारापर्यंत वाटेतल्या लोखंडी शिड्यांच्या खाली उतरता येईल अशीच वेळ धरा. त्याशिवाय भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या घाटघर आणि रतनवाडीच्या पावसाचे आकडे पेपरात येतात, तेही पाहावेत. तीन दिवस तिथे पाऊस नसेल तर पायवाट बऱ्यापैकी सुकलेली मिळते.

फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप घेऊन ठेवा. जवळपास पडणाऱ्या विजा त्यावर दिसतात. डोंगरावर रेंज येते-जाते, म्हणून कानावरही भिस्त हवी. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी शिडीवर पाऊल टाकू नये, माथ्यावर असाल तर पहिल्याच उघडिपीत खाली निघावे. एकट्या झाडाखाली किंवा लोखंडाजवळ थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय धोका टळला असे मानू नका.

तीन आठवडे आधीपासून पायांची तयारी

कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे. बारीपासून चढाई साडेआठशे-नऊशे मीटरची. देवगिरीचा डोंगर सुमारे 200 मीटर उंच, म्हणजे एका दमात देवगिरी चार वेळा चढल्यासारखे. सपाट रस्त्यावरच्या चालण्याने ही सवय होत नाही. आठवड्यातून दोनदा देवगिरी, गोगाबाबा टेकडी किंवा घराजवळची कुठलीही टेकडी पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन चढा-उतरा. उतरण्याचा सराव टाळू नका, कारण चढताना दम लागतो पण गुडघे दुखतात ते उतरताना. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे कापा. नाहीतर उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आपटून नखे काळी-निळी पडतात.

जायचे कसे

छत्रपती संभाजीनगरहून सावंगी किंवा माळीवाडा इंटरचेंजवरून समृद्धी महामार्ग धरा, भरवीरला उतरून घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. सगळे मिळून दोनशेच्या आसपास किलोमीटर. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. काँक्रीटवर लांब पल्ल्यात टायर तापतात, म्हणून निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासा आणि गुळगुळीत झालेले टायर घेऊन निघू नका. घोटीत पेट्रोल भरून घ्यावे. पुढचा रस्ता पावसाने उखडलेला असू शकतो, तो उजेडातच पार करा.

रेल्वेने यायचे तर नाशिक रोड किंवा इगतपुरी गाठून घोटीमार्गे एसटी नाहीतर जीप. कुठली गाडी कुठे थांबते ते तिकीट काढतानाच पाहा.

रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट डोंगर चढणे हा बेत अजिबात करू नका. न झोपलेला माणूस ओल्या शिडीवर असतो आणि परतीच्या वाटेवर तोच पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. आदल्या दुपारी निघून बारीत मुक्काम करा, गावात घरगुती जेवण-राहण्याची सोय होते. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात, म्हणून रविवारी दुपारी निघून सोमवारी चढणे उत्तम. नवरात्रात माथ्यावरच्या देवळात यात्रा असते. दर्शनाला जायचे तर जरूर जा, पण वेळ दुप्पट धरा.

पिशवीत काय

माणशी 3 लिटर पाणी. वाटेत टपऱ्या असतात, पण मधल्या वारी त्या उघड्या असतीलच असे नाही. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकतात. सोबत गूळ-शेंगदाणे आणि ओआरएसच्या दोन पुड्या. माथा संभाजीनगरपेक्षा सहा-सात अंशांनी थंड, त्यात ओले अंग आणि वारा. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा शर्ट आणि वारा अडवणारे जाकीट हवे. खोल खाचांचे बूट, टॉर्च, टोपी, आणि प्रवेश शुल्कासाठी सुटे पैसे. छत्री नको, धारेवर ती उलटते आणि एक हात अडकवते. हे अभयारण्य आहे, रिकामी पाकिटे खाली घेऊन यायची.

चढाईचा दिवस

पहाटे साडेपाचला निघा. गावामागे ओढा, भाताची खाचरे, मग खालचे देऊळ. ज्यांना वर जमत नाही ते इथेच दर्शन घेतात, घरच्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा. ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरावे.

शिड्यांपाशी घाई नको. आधी तळव्याचा चिखल दगडावर घासून काढा, शिडीवर पाय घसरतो तो बहुधा त्या चिखलानेच. काठी पिशवीला बांधा, पिशवी दोन्ही खांद्यांवर, फोन खिशात. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले असू द्या. उतरतानाही तोंड शिडीकडेच. पाठ करून उतरणाऱ्याची टाच ओल्या पायरीवरून सुटते आणि धरायला हाताशी काही नसते. एक माणूस पार झाल्यावरच दुसऱ्याने पाय ठेवावा.

सावकाश चालीने तीन-साडेतीन तासांत माथा येतो. पण नियम वेळेचा ठेवा, अंतराचा नाही. साडेदहा वाजले की जिथे असाल तिथून परत. देऊळ दहा मिनिटांवर दिसत असले तरी. उतरायला अडीच तास धरा. लहान मुले बरोबर असतील तर तीन.

कुणाचा पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच पट्टी आवळा आणि बारीत ज्यांच्याकडे मुक्काम केलात त्यांना फोन करा. त्यांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आदल्या रात्रीच घालून ठेवा, त्याबरोबर 112 आणि 108.