बोकडाच्या नेत्रभिंगातील आयन-वहन मोजताना या चुका टाळा

मराठवाड्यातील प्राणिशास्त्राच्या किंवा जैवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला डोळ्यातील आयन-वहन (सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युतभारित कणांची पेशीत-बाहेर ये-जा) अभ्यासायचे असेल, तर उस्मानाबादी बोकडाचे डोळे हे सहज मिळणारे आणि उत्तम साधन आहे. मात्र डोळा काढताना, आणताना आणि बफरमध्ये ठेवताना ऊतीला होणारा त्रास हाही पेशीच्या लेखी एक संकेतच असतो. त्यामुळे अनेकदा ज्याला औषधाचा परिणाम म्हटले जाते, तो प्रत्यक्षात हाताळणीचा परिणाम निघतो.

पहिली चूक तापमानाची. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना डोळे बर्फातून आणणे योग्यच आहे. परंतु बर्फाच्या गारव्यात सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारे प्रथिन) जवळजवळ थांबतो, भिंगात सोडियम साचते आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. असे भिंग 37 अंशांच्या द्रावणात ठेवून लगेच मोजणी केली, तर साचलेले सोडियम उपसण्यासाठी पंप वेगाने चालू लागतो आणि कोणतेही औषध न देता ‘उत्तेजन’ दिसते. म्हणून दोन्ही आयनांचे प्रमाण पूर्ववत होईपर्यंत थांबावे. कोवळ्या जनावराच्या भिंगात थंडीमुळे मध्यभागी येणारा पांढुरका डाग हा पंप बिघडल्याचा पुरावा नव्हे. प्रथिनांच्या विलगीकरणामुळे येणारा हा डाग ऊब मिळताच जातो.

द्रावणाच्या परासरण दाबाकडे (विरघळलेल्या कणांच्या एकूण दाटपणाकडे) होणारे दुर्लक्ष याहून घातक आहे, कारण त्याने थेट संकेतसाखळीच सुरू होते. डुकराच्या नेत्रभिंगावरील प्रयोगांतून असे दिसले आहे की द्रावण पातळ झाल्यास टीआरपीव्ही-४ ही पेशीपटलातील आयन-वाहिनी उघडते, हेमिचॅनेल या पटलातील मोठ्या छिद्रांमधून एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रसायन) बाहेर पडते, ते पेशीपृष्ठावरील प्युरिन-ग्राहकांना जागे करते, त्यातून सार्क कुलातील कायनेज (प्रथिनांतील टायरोसिनला फॉस्फेट जोडणारी विकरे) कार्यरत होतात आणि शेवटी पंपाची क्रियाशीलता वाढते. उलट द्रावण दाट झाल्यास टीआरपीव्ही-१ या दुसऱ्या वाहिनीमार्गे सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक (हे तिन्ही आयन एकत्र आत नेणारे प्रथिन) सक्रिय होतो. परभणी-नांदेडच्या कोरड्या हवेत उघड्या तबकातील पाणी उडून द्रावण दाट होण्यास फार वेळ लागत नाही; तेव्हा तबक झाकून ठेवावे आणि प्रयोगाच्या आरंभी व अखेरीस ऑस्मोमीटरवर (परासरण दाब मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करावी. वीज गेल्यावर इन्क्युबेटरमधील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटले, तर बायकार्बोनेट बफरचा पीएच चढतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव लक्षात घेऊन थोडे हेपीस (कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून नसलेले बफर) घालणे शहाणपणाचे ठरते. चिमट्याने ओरखडलेल्या भिंगातूनही एटीपी सांडते. असे भिंग बाजूलाच ठेवावे.

खरा गोंधळ मात्र मोजणीच्या अर्थाबाबत होतो. अखंड भिंगात रुबिडियम (पंप पोटॅशियमऐवजी आत घेतो तो आयन) किती शिरले हे पाहिले, तर पंपाचा प्रत्यक्ष वेग कळतो. पण तो वेग पेशीतील सोडियमवर अवलंबून असतो. याउलट, ऊती वाटून केलेल्या एटीपीएज चाचणीत (पंप एटीपी किती वेगाने फोडतो याच्या मोजणीत) सर्व घटक भरपूर पुरवलेले असल्याने पंपाची कमाल क्षमता तेवढी समजते. रुबिडियम वाढले आणि एटीपीएज तसेच राहिले, तर पंप ‘सक्रिय’ झाला असे घाईने लिहू नये; आधी सोडियमचा आत येणारा ओघ वाढला आहे का, ते तपासावे. रुबिडियम सहवाहकातूनही आत शिरत असल्याने ओआबेन या पंप रोखणाऱ्या औषधासह आणि त्याविना घेतलेल्या आकड्यांतील फरकच पंपाच्या नावे मांडावा. उंदीर-घुशींसाठी ठरवलेली ओआबेनची मात्रा येथे आणू नये, कारण त्यांच्या पंपाचा अल्फा-१ प्रकार या औषधाला फारशी दाद देत नाही.

ऊती वाटताना फॉस्फेटेज विकरे मोकळी होऊन टायरोसिनवरील फॉस्फेट काढून टाकतात, म्हणून अनेक जण ही विकरे रोखणारे ऑर्थोव्हॅनेडेट घालतात. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रतिपिंडांनी प्रथिने ओळखण्याच्या चाचणीसाठी) ते आवश्यक असले, तरी हेच व्हॅनेडेट सोडियम-पोटॅशियम पंपाला स्वतःच रोखते. स्नायूंपासून बनवलेल्या एटीपीमध्ये ते अशुद्धीच्या रूपात असल्याचे 1977 मध्ये उघड झाले, तेव्हा अनेक जुन्या मोजण्यांतील विसंगतीचे कारण सापडले. एटीपीएज चाचणीसाठीचा नमुना व्हॅनेडेटशिवाय वेगळा तयार करावा, आणि सार्क रोखणारे पीपी-२ वापरल्यास शेजारी तुलनेसाठी त्याचेच निष्क्रिय भावंड पीपी-३ व केवळ डीएमएसओ (औषध विरघळवणारे द्रावक) यांचीही भिंगे ठेवावीत.