सोल पायी: राजवाडा ते मुगाचं धिरडं

आई-बाबा दक्षिण कोरियात, सोलजवळच्या सुवोनला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना मोठ्या उत्साहाने सोलला नेलं आणि ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या बंद दारासमोर उभं केलं. वार मंगळवार. तीन वर्षं इथे राहून मला त्याची सुट्टी ठाऊक नव्हती. तर मंगळवार सोडून कुठलाही दिवस धरा, फोनवर नेव्हर मॅप हे कोरियन नकाशाचं अ‍ॅप घेऊन ठेवा आणि मेट्रोच्या 3 नंबरच्या लाइनने राजवाड्याच्याच नावाच्या स्टेशनवर उतरा.

दार नऊला उघडतं, दहाला पहारा बदलतो. तो सोहळा चुकवू नका. तिकीट 3000 वॉन, पण हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून गेलात तर फुकट. (नऊवारीला सवलत नाही. आईने विचारायला लावलं होतं.) 1395 सालचा हा वाडा जपानी राजवटीत बराचसा पाडला गेला, आज दिसतो तो पुष्कळसा नव्याने उभारलेला. मुख्य दरबारापुढच्या अंगणातले दगडी खुंट बघा: कुठल्या हुद्द्याच्या माणसाने कुठे उभं राहायचं ते त्यांवर कोरलंय.

बुकचोनला जुनी कौलारू घरं आहेत. चढ आहे, गर्दी आहे आणि आत खरीच माणसं राहतात. वरच्या गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच प्रवेश, नाहीतर दंड. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही दहा मिनिटांत खाली उतरलो, काही बिघडलं नाही.

इन्साडोंगच्या दुकानांत पैसे न उडवता नाकवोनकडे वळा. इथे तांदळाच्या पदार्थांची, म्हणजे त्तोकची दुकानं आहेत. सोंगप्योन मागा. तांदळाच्या पिठाची पारी, आत तिळाचं गोड सारण, अर्धचंद्रासारखा आकार, देवदाराच्या जातीतल्या झाडाच्या सुयांवर वाफवलेलं. आईने एक उचललं, उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, "अगं, ही तर उकडीची करंजी. नारळ मिळाला नसेल बिचाऱ्यांना."

मग खाली चोंगग्येचोन ओढ्याकाठी उतरा. याच्यावर पूर्वी उड्डाणरस्ता होता, तो पाडून 2005 मध्ये पाणी मोकळं केलं. ग्वांगतोंग पुलाखाली जरूर थांबा. राजा तेजोंगचा सावत्र आईवर राग. तिची कबर हलवून तिथले कोरीव दगड त्याने 1410 मध्ये या पुलाला लावले, त्यातले काही उलटे. नक्षीतले ढग शोधा, मग कळतं. बाबा तिथे पंधरा मिनिटं मान वाकडी करून उभे होते.

ओढ्याच्या कडेकडेने पूर्वेला रमतगमत अर्धा तास चाललात की 1905 पासूनचा ग्वांगजांग बाजार येतो. इथे भूक राखून या. गाड्यांवर मोटरवर फिरणारी जाती असतात. भिजवलेले मूग आणि पाणी वरून पडत राहतं, कडेने घट्ट पीठ ओघळतं, त्यात मोडाचे मूग घालून ते भरपूर तेलात जाडजूड टाकतात. हे बिंदेत्तोक. आपलं धिरडंच, पण कडा भज्यासारख्या कुरकुरीत. सोबत सोया सॉसमधला कच्चा कांदा.

शाकाहारी असाल तर आधी विचारा: "गोगी दुरोगायो?" म्हणजे यात मांस आहे का? काही जण पिठातच डुकराचं मांस घालतात. उत्तर "ने" आलं तर तो होकार आहे! नकार समजून खाऊ नका. नाही म्हणजे "आनियो". किमची, म्हणजे इथलं आंबवलेलं लोणचं, भाजीचीच दिसली तरी तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी असते. आम्ही तिसऱ्या गाडीवर "आनियो" ऐकून बाकावर बसलो. गाडीवाल्या आजींनी कात्रीने धिरड्याचे तुकडे केले, आईने पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली, आणि एक फोड आजींच्या बशीत गेली. त्यांनी ती चाखली, डोळे मिटले आणि आम्हाला आणखी एक धिरडं वाढलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

परतायला जोंगनो 5-गा स्टेशन जवळ आहे, 1 नंबरची लाइन. तीच थेट सुवोनला जाते.