अडुळशाचा रस काढायचा तर पानं आधी वाफवा

खोकल्यावर अडुळसा हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते रस काढताना. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे हे झुडूप कुंपणाला असतं, तिथून पंधरा-वीस पानं आणा. कोवळे शेंडे नकोत, जून आणि गर्द हिरवी पानं बघा. धुवून, पुसून देठ काढा.

अडुळशाचं पान दिसतं रसरशीत, पण कच्चं कुटलं की हाती नुसता चोथा येतो. यावर ठरलेला सल्ला म्हणजे मिक्सरमध्ये वाटीभर पाणी घाला. मुळीच घालू नका. निघतं ते हिरवं कडू पाणी. त्यातला रस किती पोटात गेला, काही कळत नाही. जुने वैद्य वाटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजत. तो पुटपाक. उष्णतेने पान मऊ पडून रस सोडतं, एवढीच त्यातली मेख. आपल्याला मोदकपात्र पुरे. पाणी लागणार नाही अशी पानं जाळीवर ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवा. रंग शेवाळी झाला, पान बोटावर लोळलं की उतरवा. इथे रेंगाळायचं नाही. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच खलबत्त्यात ठेचा. पिळायचं फडकं आधी ओलं करून घट्ट पिळून घ्या, कोरडं असलं तर निम्मा रस तेच पितं. दोन-तीन चमचे निघाला तरी पुष्कळ झाला.

मोठ्या माणसाला एका वेळी दोन चहाचे चमचे रस, चमचाभर मध, चिमूटभर पिंपळीची पूड. दिवसातून दोनदा, रोज ताजा. जास्त घेतलात तर उलटी होईल.

चिकट कफ सुटत नसेल तर हा उपाय. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं. सुकी ढास असेल तर ज्येष्ठमधाची काडी चघळा. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र ही काडी टाळावी.

गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही आग्रह करोत. खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा धाप लागली तर खलबत्ता ठेवून दवाखाना गाठा. क्षयाची थुंकी-तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.