नागपुरी सांबारवडी: कोरडा सांबार, घट्ट पुडी

नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत कॉटन मार्केटात हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागले की घरोघरी सांबारवडीची, म्हणजेच पुडाच्या वडीची, तयारी सुरू होते. आजीकडून सुनेकडे ही वडी मुठीच्या आणि चिमटीच्या मापानं आली. इथे माप वाटीचं दिलं आहे. एकच वाटी शेवटपर्यंत वापरा. एवढ्यात 14-15 वड्या होतात.

वडी बिघडते ती बहुतेक वेळा ओलाव्यानं. म्हणून सांबार आदल्या रात्रीच निवडा. जाड देठ काढा, कोवळे राहू द्या, त्यांनाच खरा वास असतो. दोन-तीन पाण्यांतून धुऊन सुती पंचावर पसरा आणि रात्रभर पंख्याखाली वाळवा. सकाळी मूठभर सांबार कागदावर दाबून बघा. कागदाला ओल लागली तर अजून तासभर थांबा. ओला सांबार चिरला की रस सुटतो, सारण पचपचीत होतं, तळताना त्याची वाफ होते आणि पुडी फुटते. चिरायचाही धारदार सुरीनं, मिक्सरमधून अजिबात नाही.

चिरलेला सांबार 4 वाट्या घ्या. पाऊण वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, 2 चमचे खसखस, 2 चमचे तीळ आणि 2 चमचे चारोळी वेगवेगळे भाजा. खसखस मंद आचेवरच, ती क्षणात करपते. 2 चमचे तेलात आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं 2 चमचे वाटण कोरडं होईपर्यंत परता, आच बंद करा आणि मग 1 चमचा भिवापुरी तिखट, 1 चमचा गोडा मसाला, अर्धा चमचा आमचूर आणि 1 चमचा साखर घाला. लिंबू पिळू नका, त्यानं पुन्हा ओल येते. हे गार झाल्यावरच सांबार आणि भाजलेलं साहित्य त्यात कालवा. मीठ मात्र पुड्या भरायला बसताना.

पारीसाठी 2 वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक, हळद, तिखट, ओवा, मीठ आणि 3 चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी थोडं थोडं घालत पुरीपेक्षा घट्ट भिजवा. कणीक वगळू नका, नुसत्या बेसनाची पारी दुमडताना चिरते. मोहन वाढलं तर वडी तेलात विरते. पीठ 15 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, ते चिकट होत जातं.

आता पुडी. लिंबाएवढा गोळा पुरीपेक्षा थोडा मोठा लाटा. मधोमध चिंच-गुळाचा दाट कोळ आणि तेल बोटानं पुसटसं लावा, पण कडेला अर्धा इंच जागा कोरडी सोडा. कोळ कडेला गेला की पुडी चिकटत नाही. वर 2 चमचे सारण लांबट ठेवून मुठीनं दाबा. एक बाजू सारणावर ओढून घ्या, मधून टोकांकडे बोटं फिरवत हवा बाहेर काढा, दुसरी बाजू तिच्यावर आणा आणि पाण्याचं बोट लावून चिकटवा. शेवटी दोन्ही टोकं आत दुमडा. आत हवा राहिली तर वडी फुगते आणि सांधा उसवतो.

तेलात पिठाची गोळी टाका. ती तळाशी जाऊन सावकाश वर आली की तेल तयार. गोळी लगेच उसळली तर तेल जास्त तापलं आहे. वडी बाहेरून लाल होईल आणि आतलं बेसन कच्चं राहील. एका वेळी 3-4 वड्या, सांध्याची बाजू खाली ठेवून सोडा. पहिलं मिनिटभर झारा लावू नका. मध्यम-मंद आचेवर 7-8 मिनिटांत त्या बदामी होतात.

सोबत पातळ कढीच हवी: 3 वाट्या आंबट ताकाला 1 चमचा बेसन. वडी मोडून गरम कढी वरून घाला आणि लगेच खायला बसा, पारी भिजून मऊ पडायच्या आत.