तामण की नाणा? बोंड हातात घेऊन ओळखा

वैशाखात प्रश्नच येत नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला जांभळ्या तुऱ्यांनी भरलेलं झाड म्हणजे तामण, आपलं राज्यफूल. आणि डोंगरउतारावर बारीक पांढऱ्या फुलांनी माखलेला तो नाणा. घोळ होतो थंडीत, बी गोळा करताना. लांज्याजवळच्या माझ्या रोपवाटिकेत कुणीतरी "वहिनी, तामणाचं बी आणलंय" म्हणत पिशवी ठेवतं आणि आत निघतो नाणा. शास्त्रीय नावातला पहिला शब्दही दोघांचा एकच, लॅगरस्ट्रोमिया.

बहुतेकजण साल बघतात. नाण्याचं खोड गुळगुळीत, पांढुरकं, पेरूसारखे पापुद्रे सुटणारं. रानात लांबूनही उठून दिसतं. पण तामणाच्या सालीचेही पापुद्रे निघतात, त्यामुळे नुसत्या सालीवर जाऊ नका.

बोंड घ्या. तामणाचं वाटोळं, लाकडासारखं कठीण, साधारण 2 सेंमी. त्याच्या बुडाशी फुलाची वाळलेली वाटी चिकटलेली असते. तिच्यावरून आडवं नख फिरवा: उभ्या धारांवर ते अडखळत जातं. नाण्याचं बोंड त्याच्या निम्म्याएवढं, जरा लांबट, आणि वाटीवर धारा नाहीत. ही खूण फुलाच्या कळीवरही दिसते. बी मात्र दोघांचं चपटं, एका बाजूला पंख असलेलं. म्हणून सुटं बी आणू नका, बोंडांसकट डहाळी आणा.

बोंडं तपकिरी झाली, पण उकलली नाहीत, अशी काढा. घरात कागदावर पसरा. अंगणात ठेवलीत तर उकलल्यावर बी वाऱ्याबरोबर जाईल. पावसाआधी वाळूमिश्रित मातीत पेरा, वर मातीचा पातळ थर पुरे.

नाणा निघाला म्हणून बी टाकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. तामण थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलाय. नाणा फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातला. आपल्याकडे घराला नाण्याचं लाकूड वापरत आले, झाडं लावली मात्र फार कमी जणांनी.

तामण ओलाव्याला लावा, पऱ्याकाठी किंवा विहिरीच्या सांडपाण्यावर. नाणा उतारावर, पाणी निथळतं तिथे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्या आणि वणवा पोचू नये म्हणून रोपाभोवतीचं गवत मार्गशीर्षातच काढून ठेवा.