साहित्याच्या ग्रुपवर नवीन आलात? आधी कविता टाकू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी लिहिणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप पुष्कळ आहेत. मी आजवर सात ग्रुपांत शिरलो, त्यातल्या दोनांतून मला काढून टाकलं. तेव्हा पुढचं सगळं अनुभवाचं आहे.

नवीन माणसाला एकच सल्ला मिळतो: रोज लिहा, रोज टाका, कोणीतरी दखल घेईलच. मी आठ महिने रोज सकाळी साडेसहाला कविता टाकली. मिळालं काय? अंगठा, जोडलेले हात आणि एका काकांचं गुलाबाचं फूल. ते काका सगळ्यांनाच फूल देतात, निधनाच्या बातमीलासुद्धा.

१. ओळख. दोन ओळी पुरे. गाव, काम, काय लिहिता. पुरस्कारांची यादी नको. गाव मात्र लिहाच; ‘कुठल्या गल्लीतला?’ हे कळल्याशिवाय आमच्याकडे गप्पा पुढं सरकत नाहीत.

२. पंधरा दिवस नुसतं वाचा.

३. दुसऱ्याच्या लिखाणावर बोला. घोडं अडतं ते इथं. माझंही दोन वर्षं अडलं होतं.

आधी मी सगळ्यांना ‘छान’ लिहायचो. मग ‘अप्रतिम, काळजाला भिडलं’. दोन्हीला किंमत शून्य, कारण न वाचताही ते लिहिता येतं आणि लिहिणाऱ्याला ते बरोबर कळतं. मग मला जाणकार व्हायची हौस आली. एका निवृत्त गुरुजींनी कविता टाकली होती. मी मात्रा मोजल्या आणि सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे.’ हिशोब बरोबर होता. पण ती कविता त्यांच्या पत्नीच्या वर्षश्राद्धाची होती. वर तसं लिहिलेलं होतं, मी मात्रांच्या नादात ते वाचलंच नव्हतं. गुरुजी ‘धन्यवाद’ म्हणाले. पुढं तीन महिने ग्रुपवर माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि ते योग्यच केलं. चूक दाखवायचीच असेल तर खासगीत दाखवा, तीही ओळख झाल्यावर आणि त्यांनी विचारलं तरच.

मग जमलं कसं, तर चुकून. खानापूरकडच्या एका आजींनी रोप लावणीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात ‘इरलं’, म्हणजे पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं आच्छादन, आलं होतं. मी बेळगाव शहरातल्या शहापुरात वाढलेला, इरलं फक्त चित्रात पाहिलेलं. विचारलं, ‘आजी, तुमच्याकडं इरलं कोण विणायचं? त्यातनं पाणी गळायचं नाही?’ उत्तरादाखल चार मिनिटांचा आवाजी निरोप आला. बांबूच्या कामट्या, मधे पानं कशी दाबायची, वाकून रोप लावताना पाठीवर ते कसं बसतं, सगळं. शेवटी म्हणाल्या, ‘अन् तू काय लिहूलास रे?’ आठ महिने कविता टाकून जे कोणी विचारलं नव्हतं, ते एका प्रश्नानं विचारलं गेलं.

म्हणून माझी रीत ही: एक शब्द किंवा एक ओळ धरायची आणि आपल्याला खरोखर माहीत नसलेलं विचारायचं. माहीत असताना विचारलं की लगेच उघडं पडतं. आठवड्याला दोन जण पुरे. आणि ग्रुपमधल्या नावाजलेल्यांमागं लागू नका, त्यांच्याभोवती आधीच गर्दी असते. ज्याच्या लिखाणाखाली एकही अंगठा नाही, तो शोधा. उद्यमबागेतला एक कामगार दुसरी पाळी सुटल्यावर रात्री एकला कथा टाकायचा. सकाळी ती सुप्रभातांच्या ढिगाखाली गेलेली असायची. मी ती उकरून काढून वाचू लागलो. आज माझा प्रत्येक कच्चा खर्डा तोच वाचतो आणि निर्दयपणे खोडतो.

एक ताकीद. प्रश्न विचारून खाली स्वतःची कविता चिकटवू नका. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या ताटाखाली विम्याचा फॉर्म सरकवण्यातलाच तो प्रकार.

४. आता आपलं टाका. एकच, छोटं. पुणेरी इस्त्री करू नका. घरात ‘काय करूलास’ म्हणत असाल तर पात्रालाही तसंच बोलू द्या. रविवारी दुपारी टाका. १ नोव्हेंबरला तर अजिबात नको; बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा आमचा काळा दिन तो. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इथं साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच ताटात जेवतात. काळ्या दिनाला प्रत्येक ग्रुपवर सीमेच्या कवितांचा पूर येतो, त्यात नवीन माणूस वाहून जातो. सीमेवर लिहायचं तर लिहा, पण एखाद्या साध्या मंगळवारी टाका.

उत्तर आलं नाही तर ‘कशी वाटली?’ विचारू नका. दोन आठवडे गप्प राहा, मग पुन्हा तिसऱ्या पायरीवर.

५. प्रत्यक्ष भेटा. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, बहुधा रविवारी. थेट कविसंमेलनाला उगवू नका, ते शेवटी असतं आणि तोवर सगळे घरी जायच्या घाईत असतात. सकाळच्या ग्रंथदिंडीलाच जा. मी इरलंवाल्या आजींना तिथंच पहिल्यांदा भेटलो. फोटोवरून मी ओळखलं नाही, त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. दुपारी जेवणाच्या रांगेत त्यांनी मला त्या गुरुजींच्या मागंच उभं केलं.