अंजीर-चीज सँडविच: आदल्या रात्रीपासूनची तयारी

मागच्या महिन्यात माझ्याकडे भिशी होती. वडे-ढोकळ्याला सगळ्याच कंटाळल्यात म्हणून मी तोऱ्यात जाहीर करून टाकलं, या वेळी अंजीर-चीजचं ग्रिल्ड सँडविच. आठ जणी आल्या. दोघींना सँडविच मिळालं, उरलेल्या सहा जणींना भिजका ब्रेड आणि त्यातून ओघळणारा लगदा. सासूबाईंच्या बिडाच्या तव्यावर जळक्या गुळाचा काळा थर बसला तो वेगळाच. त्या काही बोलल्या नाहीत. तवा उचलून उजेडात धरला, बघितला आणि ठेवून दिला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक एकच होती: अंजिराचं सारण गरम होतं. आता येत्या रविवारी नणंद येतेय आणि मी पुन्हा तोच घाट घातलाय, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

तर पहिलं काम शनिवारी रात्रीचं, सारण. अंजीर शनिवारीच आणा, त्याच्या आधी नको. ताजं अंजीर दोन दिवसांत आंबतं आणि झाडावरून उतरवल्यावर कच्चं फळ काही धड पिकत नाही, त्यामुळे ‘ठेवा, पिकतील’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. देठापाशी मऊ, वासाला आंबूस नाही, असं बघून घ्या. मंडईत सासवडकडची, म्हणजे पुरंदर तालुक्यातली मिळतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि उन्हाळ्यातल्या मीठा बहाराची फळं खरंच गोड असतात, गूळ कमी लागतो. हंगाम नसेल तर सुकी अंजिरं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गुळाला हात लावू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चालेल का, असं मला दोघींनी विचारलं. नाही. पाणी फार सुटतं. ती नुसती खा. बाटलीतला जॅमही नको, तो नुसताच गोड असतो आणि तव्यावर पळतो.

आठ सँडविचना पाव किलो अंजीर, दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून, दोन चमचे गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, भरड कुटलेली मिरी. मीठ अगदी चिमूटभर, कारण चीज आणि बटर दोन्ही खारट असतात. कांदा थोड्या तेलावर मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता. याला वीस मिनिटं लागतात, पाच मिनिटांत होतो म्हणणाऱ्यांचा कांदा करपलेला असतो. मग अंजीर, गूळ, मिरी घालून आटवा. लिंबू शेवटी. उलथणं कढईच्या तळावरून फिरवलं की मागे वाट राहायला हवी आणि ती लगेच मिटता कामा नये.

आता ते गार करा. कढईत झाकून नव्हे, ताटात पसरून. तासाभराने हात लावून बघा, वरून नाही, मधे बोट घालून. वरून गार लागतं आणि पोटात धग असते. पूर्ण गार झालं की डब्यात भरून फ्रिजमध्ये.

मी काय केलं होतं, तर भिशीच्या दिवशी दुपारी चारला सारण करायला घेतलं. गुरुवार, म्हणजे आमच्याकडे वीज जायचा वार, हे डोक्यातच नाही. वीज गेली. पंखा बंद, सारण गार होईना, आणि इलेक्ट्रिक ग्रिलर तर नुसता शोभेला. साडेपाचला बेल वाजली तेव्हा ताटातून वाफ निघत होती आणि मी म्हटलं, जाऊ दे, नाही तरी भाजायचंच आहे. इथेच माती खाल्ली. भाजायचंच आहे म्हणून गरम चालत नाही. गरम सारण पातळ असतं, गार झाल्यावरच ते धरतं. वाफेने ब्रेड आतून भिजतो, चीज ब्रेड तांबूस व्हायच्या आधीच वितळून सुटतं, आणि उलटायला गेलं की वरचा स्लाइस एकीकडे, माल दुसरीकडे. तव्यावर सांडलेला गोडवा तर बघता बघता जळतो. फळातली साखर ११० अंशांच्या आसपासच रंग धरायला लागते, आणि तवा त्याहून कितीतरी तापलेला असतो. म्हणून गार. कोमट म्हणजे गार नाही.

चीज. नुसतं मोझरेला घेतलं की तार सुंदर येते पण चव काहीच नाही. क्यूब किंवा स्लाइसमधलं प्रोसेस्ड चीज खारट असतं, त्यातल्या क्षारांमुळे ते वितळताना फुटत नाही, तेलही सोडत नाही, पण तार येत नाही. दोन्ही किसून निम्मं निम्मं करा. पनीर नको, ते वितळत नाही, कितीही वेळ ठेवा. किसलेलं चीज भाजायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थंडगार चीज वितळेपर्यंत खालचा ब्रेड कोळसा होतो. (चीज बाहेर, सारण आत. सारण गारच राहू दे. हे उलटं केलंत तर माझी भिशी आठवा.)

ब्रेड एक दिवसाचा शिळा बरा, ताजा दाबला की चपटा होतो. बेकरीत जाड स्लाइस करून मागा. मिल्क ब्रेड नको, गोडावर गोड होतं. टोकाचे स्लाइस मोजायचे नाहीत, म्हणजे आठ सँडविचना दोन पुडे लागतीलच.

बटर मऊ हवं, नाही तर ब्रेड फाटतो. ते ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लावायचं, कडेपर्यंत. मी त्यात थोडं तूप मिसळते, नुसत्या बटरमधला दुधाचा अंश लवकर करपतो.

आणि हिरवा ठेचा. हे माझं खास आणि यावर वाद नको. एका स्लाइसला आतून नखाएवढा ठेचा पुसटसा फासायचा. मिरचीची धग आधी येते, मागून अंजीर. हिरवी चटणी नको, मग ते कोपऱ्यावरचं टोस्ट सँडविच होतं. त्यालाही माझी ना नाही, पण मग अंजीर कशाला आणलं? जैन कुणी असेल तर कांदाच काय, अंजीरही बऱ्याच जणांना चालत नाही, त्यांच्यासाठी साधं चीज सँडविच वेगळं करा, आधी विचारा, दारात नव्हे.

रचायचं असं: ब्रेड, चीज, सारण, पुन्हा चीज, ब्रेड. सारण ब्रेडला कुठेच लागू द्यायचं नाही. चीज दोन्हीकडून धरून ठेवतं. एका सँडविचला एकच मोठा चमचा, कडेपासून बोटभर आत. जास्त घालायचा मोह होतो. नका घालू. फ्रिजमधून काढलेलं घालताय ना? बघा एकदा.

तवा मंद. ब्रेड ठेवा, झाकण घाला, तीनेक मिनिटं. उलटा, आता झाकण नको. उलथण्याने हलकं दाबा, इस्त्री करू नका. दोनदोनच करा, आठ एकदम नाही. दर वेळी तवा फडक्याने पुसा. काढल्यावर मिनिटभर जाळीवर, मग सुरी. ताटात ठेवलं तर खालून ओलं होतं.

सांडलंच काही तर तव्यात पाणी उकळून लाकडी उलथण्याने खरवडा, मग कोरडा करून तेलाचा हात. साबण लावलात तर सासूबाई पुन्हा उजेडात धरतील.

रविवारी पाहुणे आले की आधी डब्याला हात लावून बघा. चुकून तो रात्रभर ओट्यावरच राहिला असेल तर सारण फेकून द्या आणि साधं चीज सँडविच करा. आणि रात्री करायचंच राहिलं, सकाळी केलंत आणि अजून कोमट असेल, तर सगळ्यांना आधी पन्हं द्या.